कोलियस : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सांभाळल्यावर

जूनमध्ये नर्सरीतून कोलियसच्या, म्हणजे रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाच्या, चार पिशव्या आणल्या. एक गडद मरून, एक पोपटी, एक गुलाबी पोटाचं आणि हिरव्या कडेचं, एक नुसतंच शेंदरी. आता मार्च संपत आलाय. म्हणजे पुण्याचा पाऊस, थंडी आणि उन्हाची सुरुवात या झाडांनी आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत काढली. घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना माझं सरळ उत्तर आहे : झाड कापायला जीव होत नसेल तर घेऊ नका. एरवी पन्नास रुपयांच्या आत इतका रंग देणारं दुसरं झाड मला तरी माहीत नाही.

कापण्याचं एवढं का, ते सांगते. कोलियस मोकळं सोडलं की शेंडा वर पळत सुटतो, खालची पानं गळतात, आणि दोन-तीन महिन्यांत तळाला उघडी काडी, वर चार पानं एवढंच उरतं. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा दाब सुटतो. या झाडाला पानं समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे पेराच्या, म्हणजे पानांची जोडी फुटते त्या सांध्याच्या, जरा वर खुडलं की त्या पेरातून एकाला दोन फुटवे निघतात. चार-पाच दिवसांनी जवळून बघा, देठाच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढे दोन कोंब दिसतात. ते तीन-चार जोड्यांचे झाले की त्यांचेही शेंडे खुडायचे. मरून झाड असंच खुडत गेले, दिवाळीपर्यंत आठ इंची कुंडी दिसेनाशी झाली.

पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या, "अगं, चांगलं वाढतंय तर कापतेस कशाला?" आता त्या स्वतःच येता-जाता नखाने शेंडे खुडतात. कोवळ्या शेंड्याला नखच पुरतं, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री लागत नाही. सिकेटर ठेवलंय ते जुन्या, लाकूड धरलेल्या फांद्यांसाठी. कोवळी चौकोनी दांडी मात्र बोथट कात्रीने कापू नये, ती चेचते आणि पावसाळ्यात तिथूनच कुजायला लागते. मोठी छाटणी करायची झाली तर एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त काढत नाही, आणि प्रत्येक फांदीवर निदान दोन जोड्या पानं ठेवते. पानं नसलेल्या जुन्या खुंटाला फूट येईल याचा भरवसा नाही.

फुलांचे तुरे दिसले की तेही काढायचे. कोलियस तुळशीच्याच कुळातलं, म्हणून तुरेही मंजिरीसारखेच येतात, बारीक निळसर फुलांचे. दिसायला वाईट नाहीत, पण झाडाची ताकद तिकडे वळते आणि पानं लहान पडत जातात. थंडी सुरू झाली तेव्हा शेंदरी झाडाने तुऱ्यांचा सपाटाच लावला होता. आठवड्याला खुडत राहिले, तेव्हा कुठे ते पानांवर आलं. आणखी एक : रंगीत झाडावर एखादी फांदी अख्खी हिरवी निघाली तर ती लगेच बुडापासून काढा. हिरवी फांदी जोमाने वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते.

खुडलेले शेंडे फेकत नाही. बोटभर लांबीचे घ्यायचे, खालची पानं काढायची, पेर पाण्यात बुडेल असं काचेच्या ग्लासात ठेवायचं, पाणी एक दिवसाआड बदलायचं. पावसाळ्यात आठवड्याभरात पांढरी मुळं दिसतात. बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की मातीत. बियांची पाकिटंही मिळतात. बी धुळीसारखं बारीक असतं, मातीवर नुसतं भुरभुरायचं, झाकायचं नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. पण बियांतून आईबापासारखाच रंग येईल असं नाही. फांदीतून तोच रंग येतो. सोसायटीतल्या निम्म्या गॅलऱ्यांत आता आमचंच मरून कोलियस आहे.

उन्हाबद्दल नर्सरीवाले हमखास "सावलीत ठेवा" म्हणतात, ते अर्धंच खरं. आतल्या खोलीत ठेवलेलं पोपटी झाड लांबट आणि फिकट झालं. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन मिळालं तर रंग खुलतात, दुपारच्या कडक उन्हात तेच रंग उडतात आणि पानांच्या कडा करपतात. त्यामुळे मार्च लागल्यापासून कुंड्या आतल्या भिंतीला सरकवल्या आहेत.

पाण्याचं हे झाड स्वतःच सांगतं. तहान लागली की सगळी पानं एकदम मान टाकतात, आणि पाणी दिलं की तासाभरात उभी. पण पानांनी मान टाकली म्हणजे पाणीच हवं असं नाही. माती ओली असून पानं मलूल असतील तर मुळं कुजताहेत. नर्सरीच्या पिशवीतली लाल माती विटेसारखी घट्ट होती. तिचा बराचसा गोळा हलक्या हाताने मोकळा करून बागेची माती, गांडूळ खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात लावलं. खत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत, बस्स. युरियाचा मारा केला तर पानं मोठी होतात पण हिरवी पडतात, मग कोलियस लावायचं तरी कशाला?

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण. हिवाळा सरता सरता देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसायला लागला. आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढला, मग लिटरभर पाण्यात चमचाभर नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारलं, आठवड्याने पुन्हा. दाट झालेल्या झाडात ही कीड लपते, म्हणून आतल्या बारीक फांद्या विरळ करणं हाही छाटणीचाच भाग धरा. मांजर किंवा कुत्रा पानं चावणारा असेल तर कुंडी उंचावर टांगा, त्यांच्या पोटाला ती बाधतात.

गुलाबी पोटाचं झाड डिसेंबरच्या थंडीत गेलं. रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरला की कोलियस थांबतं, त्यात माती ओली राहिली तर संपतंच. त्याच्या दोन फांद्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्यात होत्या, त्या आता कुंडीत हातभर झाल्यात. बाकीच्या तिघांच्याही अशाच दोन-दोन फांद्या एप्रिल उजाडायच्या आत ग्लासात घालणार आहे, कारण बुंधे लाकूड धरायला लागलेत.