सॅन हुआन की व्हाइट रिव्हर? बारमाही ट्राउटसाठी नदीकाठचं मोटेल निवडताना

नदीकाठच्या मोटेलच्या पाटीवर ‘बारमाही ट्राउट’ असं लिहिलेलं दिसलं, तर त्याचं श्रेय वरच्या अंगाला असलेल्या धरणाला द्यायचं. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. खोल जलाशयाच्या तळाचं पाणी मात्र उन्हाळ्यातही गार असतं आणि हिवाळ्यात गोठत नाही. तेच पाणी खाली सोडलं जातं, म्हणून जुलैत आणि जानेवारीतही फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसणारा नकली गळ, टाकता येते. त्यामुळे खोलीचे फोटो नंतर बघा. आधी ते धरण पाणी कशासाठी आणि कसं सोडतं ते बघा. अमेरिकेतल्या अशा दोन नद्या, न्यू मेक्सिकोतली सॅन हुआन आणि आर्कान्सातली व्हाइट रिव्हर, नेमक्या इथेच वेगळ्या पडतात.

सॅन हुआनवरचं नवाहो धरण 1962 साली पूर्ण झालं. त्याच्या पायथ्याशी पाणी वर्षभर साधारण 6-7 अंशांवर असतं. धरणाखालचे पहिले पावणेचार मैल खास नियमांचे: आमिष चालत नाही, गळाला उलटा काटा नको आणि पकडलेला मासा परत सोडायचा. मासे भरपूर आणि अंगाने चांगले, पण रोज कुणाची ना कुणाची फ्लाय बघून चांगलेच शहाणे झालेले. त्यांचं खाणं म्हणजे मिजसारखे बारीक किडे. तेव्हा 22 ते 26 नंबरची, तांदळाच्या दाण्याहून लहान फ्लाय आणि केसासारखा बारीक दोर. चाळिशी लागलेल्यांनी गाठ मारायला भिंग न्यावंच. पाण्यात उभं राहिलं की पायाने ढवळलेल्या गाळातलं खाणं टिपायला मासे अगदी आपल्या पाठीमागे येऊन थांबतात. त्यासाठी मुद्दाम तळ ढवळणं मात्र इथे साफ गैर.

सॅन हुआनचा मोठा गुण म्हणजे विसर्ग सहसा दिवसभर सारखा राहतो. सकाळी जिथे उभे होतात तिथे दुपारीही उभं राहता येतं. अपवाद वसंताच्या अखेरीचा. डोंगरात चांगला बर्फ पडलेल्या वर्षी खालच्या भागातल्या दुर्मीळ माशांसाठी काही आठवडे 5,000 क्युसेकपर्यंत पाणी सोडलं जातं. त्या काळात पाण्यात उतरायचा विचार सोडा. प्रवाहाबरोबर वाहत जाणारी ड्रिफ्ट बोट घ्या, नाहीतर तारीख बदला. हिवाळ्यात गर्दी कमी, दुपारी मिजचा हॅच (अळ्यांचे किडे होऊन ते एकदम पाण्यावर येणं), पण सकाळी छडीच्या कड्यांत बर्फ धरतो. मोटेल पाण्याला अगदी चिकटून नसलं तरी बिघडत नाही, कारण बहुतेक चांगल्या जागांपर्यंत गाडीनेच जायचं असतं. त्यापेक्षा वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालायची जलरोधक विजार, रात्रीत वाळवायची सोय आहे का, ते विचारा.

व्हाइट रिव्हरचा स्वभाव निराळा. 1951 साली बांधून झालेल्या बुल शोल्स धरणावर आठ जनित्रं आहेत आणि विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं. गुडघाभर पाण्यात उभे असाल तिथे बघता बघता ते डोक्यावर जाऊ शकतं. वीजनिर्मितीचं वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं, पण ते अंदाजाचंच. आवाज बदलला किंवा काठाचा दगड बुडाला की लगेच बाहेर यायचं. म्हणूनच इथे ‘नदीकाठचं’ या शब्दाला खरी किंमत आहे. स्वतःचा धक्का आणि भाड्याची लांब, सपाट बोट असलेलं मोटेल असेल, तर पाणी चढल्यावरही दिवस फुकट जात नाही. नॉरफोर्क गावाजवळ खोली मिळाली तर दुहेरी फायदा. 1944 च्या नॉरफोर्क धरणाखालची जेमतेम पाच मैलांची नॉर्थ फोर्क तिथेच व्हाइटला मिळते. एका धरणातून पाणी सुटलेलं असताना दुसरीकडे उथळ पाणी मिळण्याची शक्यता राहते.

फ्लायही इथे हाताळायला सोप्या: 14 ते 18 नंबरच्या, म्हणजे आकाराने मोठ्या. सोबग आणि स्कड या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांच्या नकला, वसंतात कॅडिस या उडत्या किड्याची. कडक थंडीत जलाशयातले शॅड मासे मरून जनित्रांतून खाली येतात आणि त्यांच्यावर मोठे ब्राउन ट्राउट तुटून पडतात. तेव्हा पांढरी, मोठी फ्लाय लावायची. शरद ऋतूत तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन घटतो आणि मासे मंदावतात. माझ्या मते तो काळ टाळलेला बरा.

नुकतंच शिकत असाल, मुलं बरोबर असतील किंवा नियमात बसणारा एखादा मासा तव्यावर टाकायचा असेल, तर व्हाइट रिव्हर. स्वयंपाकघर आणि फ्रीझर असलेली खोली घ्या. दिवसभर पाण्यात उभं राहून एकाच माशाशी हुज्जत घालण्यात सुख वाटत असेल, तर सॅन हुआन, त्यातही हिवाळ्यातली. बरोबरचं माणूस मासेमारी न करणारं असेल तर मात्र सॅन हुआनचा हट्ट नको, तिथे बाकी करमणूक फारशी नाही.

परवान्याचं आधीच बघा. आर्कान्सात मासेमारीच्या परवान्यावर ट्राउटचा वेगळा परवाना लागतो. न्यू मेक्सिकोचं परवाना-वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपतं, म्हणजे मार्चअखेरीस तिथे पोचून मुक्काम एप्रिलमध्ये गेला तर मार्चमध्ये काढलेला वर्षाचा परवाना एप्रिलमध्ये चालणार नाही.