आडनावाची गुंडाळी: ५ पैकी २ तारे

इंग्लंडात बोल्टनला राहते. शेजारच्या आजोबांचं आडनाव बर्टविसल. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मॉलमधल्या स्टॉलवरून या आडनावाचा 'घराण्याचा इतिहास' छापून घेतला. फ्रेमसकट २२ पौंड.

कागद जाड, छपाई झकास. पण वर ढाल-सिंहाचं 'कुलचिन्ह'! इंग्लंडात असं चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. सरसकट आडनावाला नाही. आजोबा हसून म्हणाले, "सिंह? आमचे सगळे सूतगिरणीत होते गं!"

मजकुरात 'प्राचीन सरदार घराणं' एवढंच. खरी गंमत राहिलीच. 'ट्विसल' म्हणजे दोन ओढे मिळतात ती जागा, 'बर्ट' म्हणजे पाखराचं पिल्लू. बर्नलीजवळ या नावाची वस्ती होती, ती आता नाही. आपल्याकडे गाव धरणात जावं आणि नुसता 'कर' उरावा, तसं. ॲक्रिंग्टनजवळचं ऑस्वाल्डट्विसल आणि आमच्या उत्तरेचं एन्टविसल मात्र अजून आहेत. १८८१ च्या जनगणनेचा नकाशा काढला तर बर्टविसल मंडळी बहुतेक आमच्या या लँकेशायर भागातच दिसतात. संगीतकार हॅरिसन बर्टविसलही ॲक्रिंग्टनचेच, जन्म १९३४.

एक तारा फ्रेमला, एक पॅकिंगला. आजोबांनी ती संडासात टांगलीय.