ब्रॉन्कियोलायटिस: बाळाला ॲडमिट ठेवायचं की ऑक्सिजन घरी आणायचा?

डिसेंबरात माझी पाच महिन्यांची लेक ब्रॉन्कियोलायटिसने ॲडमिट होती, दोन रात्री नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यात आणि मग चार दिवस घरी ऑक्सिजनवर, त्यामुळे दोन्हीकडचं पाहून झालंय.

पहिले एक समजून घ्या, या आजाराला बरं करणारं औषधच नाही. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा व्हायरस असतो, फुप्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात, चिकट कफ भरतो. अँटिबायोटिक, स्टेरॉइड, श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलची वाफ हे काही सरसकट द्यायचं नाही असं अमेरिकेच्या बालरोग अकादमीच्या २०१४ च्या गाइडलाइनमध्येही आहे. मग दवाखान्यात तरी काय करतात, तर नाक मोकळं ठेवतात, दूध पोटात जातंय का पाहतात आणि लागला तर ऑक्सिजन. म्हणूनच हे घरी जमू शकतं. पण कोणत्या दिवशी, हे महत्त्वाचं.

आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जोरात असतो. आजाराच्या दुसऱ्या दिवशीच कोणी ऑक्सिजनचं मशीन देऊन घरी पाठवत असेल तर मी तरी नाही जाणार, कारण अजून चढायचंच असतं. दवाखान्यात मॉनिटर असतो, रात्री सिस्टर असते, दूध ओढता नाही आलं तर नळीने देतात, हाय फ्लो (नाकातून जोरात सोडलेला गरम, ओलसर ऑक्सिजन) लावता येतो. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, दिवस पूर्ण न होता झालेलं असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा मध्येच श्वास थांबला असेल, तर घरचा विचारच नको.

जोर ओसरला, दूध बऱ्यापैकी घेऊन राहिलं, फक्त ऑक्सिजन सुटत नाही अशी वेळ असेल तर घर खरंच बरं. वॉर्डात शेजारच्या लेकराचं इन्फेक्शन लागायची भीती नाही, बाळ झोपतं, आईला जेवता येतं. पण डॉक्टर रोज बघणार का, रात्री फोन कोण उचलणार, हे आधी पक्कं करा. इन्शुरन्सवाल्यांनाही आधीच विचारा, घरच्या उपचारात खोकला-ब्राँकायटिस बऱ्याच पॉलिसीत बसत नाही.

आमच्याकडे एजन्सीवाल्याने कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) आणला तो मोठ्यांच्या कॅन्युलासकट, म्हणजे नाकात लावायच्या नळीसकट, आणि बोटाला लावायचा क्लिपचा ऑक्सिमीटर, तो इवल्याशा बोटावर काही रीडिंगच धरेना. तान्ह्यांचा पायाला गुंडाळायचा प्रोब मागा आणि मिनिटाला अर्ध्या लिटरच्या खालीही ऑक्सिजन मोजता येणारा फ्लोमीटर मागा. लाइट गेली तर काय? भरलेला सिलिंडर घरात हवाच, आमची एका रात्री गेलीच होती. आणि आजीला प्रेमाने समजवा, ओव्याची धुरी नको, अगरबत्ती नको, ऑक्सिजनजवळ विस्तव म्हणजे आगीचा धोका आणि धुराने बाळाचा श्वास अजून अडतो.

रात्री मी आणि सासूबाई दोन-दोन तास आळीपाळीने जागायचो. स्वेटर वर करून पोटाकडे पाहायचं, बरगड्यांखाली खड्डा पडतो का, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दूध पाजायच्या आधी नाकात सलाइनचे थेंब टाकून साफ केलं की लगेच ओढायला लागायची, नाहीतर दोन घोट घेऊन रडायची. साठच्या वर श्वास, कण्हल्यासारखा आवाज, नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध, बारा तास लंगोट कोरडा, ऑक्सिजन लावूनही ९० च्या खाली, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना. ओठ निळे झाले किंवा श्वास थांबला तर सरळ १०८.

आमचं घर मानेवाड्याला, रात्री वीस मिनिटांत दवाखाना गाठता येत होता म्हणून मी हो म्हटलं. कामठीच्या पुढे किंवा हिंगण्याच्या आतल्या बाजूला राहत असती, किंवा घरी मी एकटीच असती, तर अजून दोन दिवस वॉर्डातच काढले असते.