बूट्सी कॉलिन्सचे सोलो अल्बम : बरेच महिने ऐकून आणि सोबत वाजवून

बूट्सी कॉलिन्स हा अमेरिकन फंक संगीतातला बासगिटारवादक. (फंक म्हणजे ताल आणि बासवर उभं असलेलं नाचायचं संगीत.) त्याचे अल्बम ऐकायचे तर पहिलं काम म्हणजे मोबाइलचा स्पीकर बंद करा. त्यावर बास जवळजवळ गायबच होतो. मग उरतात मधमधल्या गप्पा, लाडे लाडे बोलणं आणि हसण्याचे आवाज, आणि ऐकणारा म्हणतो, हा काय विदूषक आहे का? बरेसे हेडफोन, नाहीतर खालचे सूर नीट देणारा स्पीकर हवाच. तो नसेल तर या भानगडीत पडू नका.

मी मुख्यतः वापरले ते १९७६ ते १९७९ मधले 'बूट्सीज रबर बँड' या नावाचे चार अल्बम. नुसते ऐकले नाहीत, चार तारांची साधी बासगिटार घेऊन रोज थोडं थोडं सोबत वाजवलंही. (शेजाऱ्यांसाठी बास कायम हेडफोनमध्ये. सोसायटीत राहायचं आहे अजून.)

बूट्सी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा, जन्म १९५१ चा. भाऊ कॅटफिश गिटारवर, दोघांचा 'पेसमेकर्स' नावाचा पोरासोरांचा बँड. मार्च १९७० मध्ये जॉर्जियातल्या कोलंबसला ऐन कार्यक्रमाआधी फंकचा मोठा गायक जेम्स ब्राउन याचे वादक पैशांवरून अडून बसले. ब्राउनने विमान पाठवून ही पोरं उचलून आणली. बूट्सी तेव्हा १८ वर्षांचा. वर्षभरही तो तिथे टिकला नाही, पण ब्राउनच्या 'सेक्स मशीन' या गाण्यातला बास त्याचा आहे. ब्राउनने त्याला एकच धडा गिरवायला लावला : पहिली मात्रा मला ठासून दे, मग मध्ये काय करायचं ते कर. फंकवाले त्या मात्रेला 'द वन' म्हणतात. आपली तीनतालाची सम सोळा मात्रांनी येते आणि तबलजी तिची वाट बघायला लावतो. इथे ती दर चार मात्रांनी दारात उभी. वाट बघण्याची मजा नाही, पण चुकायलाही जागा नाही.

पुढे १९७२ च्या सुमारास तो जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडच्या गोतावळ्यात शिरला आणि १९७६ मध्ये स्वतःचा पहिला अल्बम 'स्ट्रेचिन आउट' आला. सोलो म्हणायचं एवढंच, कारण ढोलांवर सिनसिनाटीचाच फ्रँकी वॅडी, गिटारवर भाऊ, फुंकवाद्यांवर ब्राउनकडचेच मॅसिओ पार्कर आणि फ्रेड वेस्ली. शीर्षकगीताबरोबर वाजवायला बसलात की कळतं, अवघड काय आहे ते. सूर मोजकेच आहेत. पण 'वन'वर सूर टाकल्यावर बोट उचलून गप्प बसायचं असतं, आणि ते आपल्याच्याने होत नाही. हात शिवशिवतो, काहीतरी भरावंसं वाटतं. तेवढ्यात कॅटफिशची गिटार खुरखुर खुरखुर करत तीच जागा सांभाळत असते. महिनाभर ऐकल्यावर माझं लक्ष बासवरून तिच्याकडेच जास्त जायला लागलं.

आता माझं ठाम मत. लोकांना लक्षात राहतो तो ताऱ्याच्या आकाराचा चष्मा, ताऱ्याच्याच आकाराचा 'स्पेस बास' आणि १९७८ चं 'बूटझिला', जे अमेरिकेत आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं होतं. पण या माणसाचं खरं काम संथ गाण्यांत आहे. पहिल्या अल्बममधलं 'आय'ड रादर बी विथ यू' घ्या. बास म्यूट्रॉन नावाच्या फिल्टरमधून येतो. ते यंत्र तार किती जोरात छेडली ते बघून आवाजाचं तोंड उघडतं. हळू छेडलं तर सूर मिटल्या ओठांनी गुणगुणल्यासारखा, जोर दिला की एकदम 'वाऽव'. मी त्याच जातीचं एक सेकंडहँड पेडल (पायाने चालू-बंद करायचं यंत्र) घेतलं. दोन सूर सारख्याच जोराने छेडले गेले नाहीत की लगेच उघडं पडतं. उजव्या हाताला शिस्त लागायला यासारखा मास्तर नाही. १९७७ च्या अल्बममधलं 'मंचीज फॉर युअर लव्ह' नऊ मिनिटांच्या वर चालतं. सुरुवातीला इतकं दबकं की आवाज वाढवावासा वाटतो, आणि शेवटाकडे तो झक मारत कमी करावा लागतो. ज्याला एकच गाणं ऐकायचंय त्याने हे ऐकावं.

प्रभाव बघायचा तर तोही 'आय'ड रादर बी विथ यू' या संथ गाण्याचाच. १९९५ मध्ये अडिना हॉवर्डचं 'फ्रीक लाइक मी' याच गाण्यावर उभं राहिलं, आणि २०१६ चं चाइल्डिश गॅम्बिनोचं 'रेडबोन' ऐकताना तर पहिल्याच आवर्तनात ओळख पटते. १९९० मध्ये डी-लाइटच्या 'ग्रूव्ह इज इन द हार्ट'मध्ये तो स्वतः आहे, २०२१ मध्ये सिल्क सॉनिकच्या अल्बमचा सूत्रधारही तोच. आपल्या लोकांसाठी एक खास गंमत : बासवादक बिल लॅसवेलच्या 'मटेरियल' या बँडचा १९९४ चा अल्बम 'हॅल्युसिनेशन इंजिन' काढून बघा. वादकांच्या यादीत बूट्सी आहे, झाकीर हुसेन आहेत आणि शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टूही.

तक्रारी आहेतच. लहान मुलांशी बोलल्यासारखं ते बोलणं पहिल्या दोन अल्बमांत गोड लागतं, चौथ्यापर्यंत नको होतं. १९७९ चा अल्बम मी हल्ली अर्धाच ऐकतो. १९८० चा 'अल्ट्रा वेव्ह' ठीक, ऐंशीच्या दशकातलं बाकीचं ऐच्छिक. २०११ आणि २०१७ च्या अल्बमांत पाहुणे इतके, की यजमान स्वयंपाकघरातच अडकलेला.

नव्याने सुरू करणाऱ्याने १९७७ चा 'आऽऽ... द नेम इज बूट्सी, बेबी!' आधी घ्यावा, मग १९७६ चा. वेगवान गाणी घरकाम करताना चालतात. संथ गाणी रात्री, दिवे मालवून वगैरे नको, फक्त फोन बाजूला ठेवून ऐका. आणि बास वाजवत असाल तर फिल्टर पेडल घ्यायची घाई करू नका. आधी त्याशिवाय 'स्ट्रेचिन आउट' पूर्ण वाजवता येऊ दे.