प्रवाळाचा संच, तळ्याचं पाणी: तेलगळतीनंतर मासे मोजण्याच्या भाड्याच्या सामानाविषयी

बेळगावात भाड्यानं मिळणारा हा संच दोन पेट्यांत येतो. एका पेटीत तेल टिपायचं सामान, दुसरीत मासे मोजायचं. जुळवलाय तो समुद्रातल्या खडकांवरच्या आणि प्रवाळातल्या माशांसाठी, पण नेतात तो निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडचे तळ्यांचे ठेकेदार. पुणे-बेंगळूर महामार्गावर तवंदी घाटात डिझेलचा टँकर कलंडला, तर तेल गटारीतून ओढ्यात आणि ओढ्यातून कुणाच्या तरी तळ्यात उतरणार. दुकानदार मराठी-कानडी दोन्हींत समजावून सांगतो, पुस्तिका मात्र निव्वळ इंग्रजी. पहिली पेटी डोळे मिटून घ्या. दुसरीतलं निम्मं सामान दुकानातच ठेवा.

पहिल्या पेटीत 3 मीटर लांबीचे आठ बूम आहेत, म्हणजे पाण्यावर तरंगून तेल अडवणारे आणि टिपणारे लांब लोड. पांढरा बूम पॉलिप्रॉपिलीनचा. तो तेल पितो, पाण्याला शिवत नाही. करडा बूम गॅरेजच्या फरशीसाठी असतो. तो पाणीही पितो, जड होतो आणि बुडतो. आठांत दोन करडे घुसडलेले असतात, ते तिथंच बदलून मागा. टोकांना हूक आणि कडी आहे, पण नुसतं अडकवलं की मधल्या फटीतून तवंग आरामात निघून जातो. एक बूम दुसऱ्याच्या शेजारून हातभर पुढं न्या आणि सुतळीनं आवळा. ओढ्यात बूम काठाला काटकोनात बांधायची चूक सगळेच करतात. पाण्याचा वेग सेकंदाला साधारण 0.35 मीटरच्या वर गेला की तेल खालून निसटतं. उसाच्या पाचटाचा तुकडा सोडून बघा. 10 मीटर जायला 30 सेकंदांहून कमी लागले, तर बूम तिरका लावा, म्हणजे तेल काठाकडं सरकतं आणि तिथं पॅडनं टिपता येतं.

तेल किती आलंय याचा अंदाज रंगावरून येतो. इंद्रधनुष्याचे रंग दिसत असतील तर थराची जाडी 0.3 ते 5 मायक्रॉन, म्हणजे एका एकरावर साधारण 1 ते 20 लिटर. दिसायला अख्खं तळं माखलेलं, पण तेल एका कॅनभर! म्हणून घाबरून साबणाची पावडर टाकू नका. तवंग नाहीसा झाल्यासारखा वाटतो, पण तो गेलेला नसतो. बारीक थेंब होऊन माशांच्या कल्ल्यांपर्यंत उतरलेला असतो. भिजलेले बूम बांधावर जाळायचे नाहीत. झाकणाच्या पिंपात भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना असलेल्याकडंच द्यायचे.

दुसऱ्या पेटीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे विरघळलेला प्राणवायू मोजणारा मीटर. तिथंच मोठी खोच आहे. मीटर समुद्रसपाटीवर लावलेला येतो आणि बेळगाव आहे साधारण 750 मीटर उंचीवर. इथं हवेचा दाब कमी, त्यामुळं 25 अंशांना पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. समुद्राकाठी हाच आकडा 8.26 आहे. उंची न भरता ओल्या हवेत कॅलिब्रेशन केलं की प्रत्येक वाचन नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त येतं. मासे तोंड वर काढून धापा टाकतायत आणि मीटर म्हणतोय सगळं ठीक, असला प्रकार होतो. मेनूत उंचीची नोंद आहे, ती आधी भरा.

दुसरी अडचण मेम्ब्रेनची. टोक तवंगातून खाली सोडलं की पातळ पडद्यावर तेल बसतं आणि आकडा घसरत जातो. त्यासाठी दोन इंची पीव्हीसी पाइपच्या खालच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधा, पाइप फूटभर खाली दाबा, दोरीनं पिशवी ओढून काढा आणि आतून टोक सोडा. टोक पाइपच्या खाली वीतभर बाहेर यायला हवं आणि हळूहळू हलत राहायला हवं. हा मीटर टोकाजवळचा प्राणवायू स्वतःच खातो, त्यामुळं साचलेल्या पाण्यात खोटा कमी आकडा दाखवतो. वाचन पहाटे उजाडायच्या आत घ्या, तेव्हाच प्राणवायू सगळ्यात कमी असतो. शंका आली तर विंकलरच्या बाटलीनं, म्हणजे रसायनं घालून प्राणवायू मोजायच्या रीतीनं, पडताळा: 200 मिलि नमुना, 0.025 नॉर्मल थायोसल्फेट, 1 मिलि लागलं की लिटरला 1 मिलिग्रॅम. बाटलीत बसणारा गाळ तपकिरी न होता पांढराच राहिला, तर पाण्यात प्राणवायू नाही. आणि पहाटेही आकडा पाचाच्या वर असून मासे मरत असतील, तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावून भागणार नाही. डिझेलमधले हलके विषारी घटक पाण्यात उतरलेत.

50 मीटरची टेप आणि पाण्याखालचा कॅमेरा दुकानातच ठेवा. प्रवाळावर पाणबुड्या टेप अंथरतो आणि दोन्ही बाजूंच्या अडीच-अडीच मीटर पट्ट्यातले मासे मोजतो. कॅमेऱ्यापुढं आमिष लावून तासभर चित्रण घेतात आणि एका चौकटीत एकाच वेळी जास्तीत जास्त किती मासे दिसले तेवढाच आकडा धरतात, नाहीतर तोच मासा दहादा मोजला जातो. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी ही रीत चालेल. पावसाळ्यातल्या आपल्या तांबड्या पाण्यात काय दिसणार? पेटीतली सेकीची काळी-पांढरी थाळी पाण्यात सोडा. ती मीटरभराच्या आत दिसेनाशी झाली तर कॅमेऱ्याचं भाडं वाया.

तळ्यात मोजणी जाळ्यानंच होते, पण संचात गिल जाळं (मासा कल्ल्यांशी अडकतो ते) एकच, 75 मिमी आसाचं, म्हणजे तेवढ्या मापाच्या डोळ्यांचं. त्यात मधल्या मापाचेच मासे अडकतात आणि बारीक पिढी गेली की राहिली ते कळत नाही. शिवाय 30, 50 आणि 100 मिमीची जाळी भोई मंडळींकडून घ्या. जागा तीच, संध्याकाळी टाकायची आणि सकाळी काढायची वेळही तीच ठेवून 100 मीटर जाळ्याला रात्रीत किती किलो, हे लिहा. मग प्रत्येक माशाचं वजन ग्रॅममध्ये गुणिले 100, भागिले लांबीचा सेंटिमीटरमधला घन. 30 सेंमीचा मासा 400 ग्रॅम भरला तर 1.48, 300 भरला तर 1.11. आकडे असे उतरत गेले तर जगलेला मासाही खंगतोय. संचातला स्प्रिंगचा काटा बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, निरुपयोगी. किराणा दुकानातला एक ग्रॅमचा डिजिटल काटा बरा.

तेल न गेलेलं शेजारचं एक तळंही त्याच रात्री मोजा, नाहीतर घट तेलामुळं की उन्हाळ्यामुळं हे कळत नाही. मेक्सिकोच्या आखातात 2010 साली समुद्रतळाची तेलविहीर फुटून 87 दिवस वाहिली. तिथं आधीच्या मोजण्या हाताशी होत्या म्हणून खडकांवरच्या माशांची तुलना करता आली. त्याच वर्षांत तिथं लायनफिश हा परका मासाही पसरला. आपल्याकडं रिकाम्या जागेत तशी चिलापी (तिलापिया) घुसते. बीज सोडायच्या आधी तिला जाळ्यानं काढा.

संचात हापा, म्हणजे पाण्यात मासे ठेवायचा कापडी पिंजरा, नाही, ही खरी उणीव. मच्छरदाणीच्या कापडाचा मीटरभर लांब-रुंद-खोल शिवून घ्या. एक ओढ्याच्या तोंडाशी, एक मध्यावर, एक शेजारच्या स्वच्छ तळ्यात लावा. प्रत्येकात वीस बोटुकल्या सोडून 96 तास बघा. स्वच्छ तळ्यातल्याही मेल्या तर दोष तेलाचा नाही, बीजाचा किंवा वाहतुकीचा. पुन्हा साठा करताना जिरे, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं, घेऊ नका, तेलाचा सगळ्यात जास्त मार त्यांनाच बसतो. 80 ते 100 मिमीच्या बोटुकल्या घ्या. कटला, रोहू, मृगळ यांचं नेहमीचं प्रमाण 4:3:3 असलं तरी पहिल्या वर्षी मृगळ कमी ठेवा, तो तळाचा गाळ चिवडून खातो आणि तेल गाळातच टिकून असतं.

त्यासाठी बीजाची ऑर्डर द्यायच्या आधी काठाचा गाळ काठीनं ढवळा. वर चमक आली तर काठीचं टोक तिच्यातून फिरवा. काचेसारखे तुकडे होऊन फुटली तर ती लोहजिवाणूंची साय, तिला भिऊ नका. फाटून पुन्हा एकत्र झाली तर ते डिझेल, आणि बीजवाल्याला फोन पुढच्या महिन्यात करा.