डब्यावर 'सेरेमोनियल', आत काय?
जळगावात माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड, सहजी मिळत नाही, म्हणून ऑनलाइन दोन कंपन्यांचे डबे मागवले. दोन्हींवर 'सेरेमोनियल ग्रेड', म्हणजे चहा-समारंभाच्या दर्जाचा. या शिक्क्यावर जाऊ नका. जपानमध्ये अशी सरकारी प्रतवारीच नाही, ज्याला वाटेल तो छापतो.

स्वस्त डबा उघडला तशा सासूबाई म्हणाल्या, "हाई ते शेवगाना पाला शे!" रंग खरंच तसा, पिवळट. चिमटीत रवाळ लागतो, वास वाळल्या गवताचा, आणि कडवटपणा घशात राहतो. कुठल्या भागातला, कधी दळलेला, काहीच छापलेलं नाही.

दुसऱ्यावर उजी, क्योतो असं जपानमधलं गाव स्पष्ट. किंमत जवळपास तिप्पट, पण लख्ख हिरवा आणि बोटांना टाल्कमसारखा मऊ. तोडणीआधी साधारण तीन आठवडे झुडपं झाकून ठेवतात, त्यामुळे हरितद्रव्य वाढतं, थिअनिन (चहाला गोडसर चव देणारं अमिनो आम्ल) टिकतं आणि तुरटपणा कमी राहतो. मग देठ-शिरा काढलेलं पान दगडी जात्यावर दळतात. तासाला जेमतेम 40 ग्रॅम. पैसे तिथे जातात.

2 ग्रॅम चाळून घ्या, पाणी 80 अंशांच्या आत. आपल्या चहासारखं खळखळतं ओतलंत तर उजीचाही कडू होईल.

नुसता पाण्यात पिणार असाल तर दुसराच घ्या. पहिला रावेरची केळी आणि दूध घालून शेकमध्ये खपतो, माझी मुलं तेवढंच पितात. मे महिन्यात मात्र कुठलाच मागवू नका, आपल्या उन्हात कुरिअरच्या गाडीतच रंग उडायचा. उघडल्यावर घट्ट झाकून फ्रीजमध्ये.