रेअर अर्थ: खाण बांधायच्या आधी शेअर घ्यायचा की बांधून झाल्यावर?

मामेभाऊ पुण्यात असतो. त्याचा मेसेज आला, दादा तू पर्थला आहेस म्हणजे तुला आतलं माहीत असणार, ते वीस-तीस सेंटवाले रेअर अर्थचे शेअर घेऊन ठेवू का, खाण सुरू झाली की दहापट होतील म्हणे. तर पर्थला राहून आतलं काहीही कळत नाही. वेस्ट पर्थमध्ये छोट्या मायनिंग कंपन्यांची ऑफिसं खेटून खेटून आहेत, तिथे कॉफीच्या रांगेत जे ऐकू येतं ते सगळ्यांनाच ऐकू येतं. पण यात स्वतःचे पैसे घालून, त्यातले थोडे घालवून जे समजलं ते नीट लिहितो, म्हणजे बाकी कोणी विचारलं तर हेच पाठवता येईल.

आधी एक गोष्ट. रेअर अर्थ, म्हणजे सतरा धातूंचा एक गट, नावाइतकं दुर्मीळ नाहीये, दगड बऱ्याच ठिकाणी सापडतो. अवघड आहे ते त्यातून वेगवेगळे ऑक्साइड सुटे करणं. सतरा मूलद्रव्यं एकमेकांना चिकटून बसलेली, त्यातली पैसे देणारी मुख्यतः चार, मॅग्नेटसाठी लागणारी निओडिमियम आणि प्रेझोडिमियम (दोघांना मिळून एनडीपीआर म्हणतात), आणि डिस्प्रोशियम-टर्बियम. बाकी लँथेनम, सेरियम ढिगाने निघतं आणि त्याला फारसं कोणी विचारत नाही. मग ॲसिडमध्ये भाजा, विरघळवा, सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनच्या शेकडो टप्प्यांतून काढा, वर थोरियम असतं म्हणून किरणोत्सारी कचऱ्याची परवानगी घ्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून इथे सोन्याच्या खाणीसारखं 'ग्रेड किती', म्हणजे दगडात धातूचं प्रमाण किती, हा पहिला प्रश्न नसतो, पहिला प्रश्न मसाल्याचे पैसे कोण देणार हा असतो.

तुलनेला चार ऑस्ट्रेलियन कंपन्या आणि एक आपली घेतोय, कारण प्रत्येक जण वेगळ्या पायरीवर उभा आहे.

अराफुरा: सगळी कागदं तयार, खाण नाही

नोलन्स प्रोजेक्ट, अ‍ॅलिस स्प्रिंग्सच्या उत्तरेला साधारण १३५ किलोमीटर. वर्षाला ४,४४० टन एनडीपीआर ऑक्साइड काढायचा प्लॅन आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे ऑक्साइड तिथेच सुटं करणार, अर्धवट माल चीनला पाठवणार नाहीत. ह्युंदाई-किया आणि सीमेन्स गमेसाबरोबर ऑफटेक, म्हणजे माल घ्यायचे करार झालेत. इथली मोठी खाण-उद्योजक जीना राइनहार्ट, तिच्या हॅनकॉक कंपनीचा मोठा हिस्सा आहे. मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने ८४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं पाठबळ जाहीर केलं, जानेवारी २०२५ मध्ये सरकारच्याच नॅशनल रीकन्स्ट्रक्शन फंडाने आणखी २० कोटी, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीजी यांच्यात खनिजांचा करार झाला त्यातही नोलन्सचं नाव आलं.

एवढं सगळं असून २०२५ संपेपर्यंत एफआयडी झालं नव्हतं. एफआयडी म्हणजे 'आता बांधायचंच' हा बोर्डाचा शेवटचा निर्णय. कंपनी लिस्ट होऊन वीस वर्षं उलटली तरी. २०२३ च्या सुरुवातीला शेअर साठ सेंटच्या वर होता, २०२४ मध्ये वीसच्या खाली आला. या काळात दगड तोच होता, प्लॅनही जवळपास तोच. बदललं काय, तर एनडीपीआरचा भाव, २०२२ च्या सुरुवातीला किलोला दीडशे अमेरिकन डॉलरच्या वर होता तो २०२४ मध्ये पन्नाशीच्या घरात आला, आणि भाव पडला की कर्ज देणारा बँकर हात आखडता घेतो, की मग कंपनी शेअरहोल्डरकडे वळते.

आता दहापटीचं गणित करून बघू, कारण सगळी गोम इथे आहे. समजा एका काल्पनिक कंपनीचे १०० कोटी शेअर आहेत, भाव ३० सेंट, म्हणजे कंपनी ३० कोटी डॉलरची. प्लांटला लागणार १५० कोटी. त्यातले ९० कोटी कर्ज मिळालं असं धरू (मिळालं तर नशीब), उरलेले ६० कोटी नवे शेअर काढून उभे करायचे. नवे शेअर कधीच चालू भावाने जात नाहीत, मोठ्या फंडांना डिस्काउंट द्यावा लागतो, समजा २४ सेंटने गेले. म्हणजे २५० कोटी नवे शेअर. एकूण झाले ३५० कोटी. आता तुमचा ३० सेंटचा शेअर ३ डॉलर व्हायचा तर कंपनीची किंमत १,०५० कोटी डॉलर व्हायला हवी, आणि वर ९० कोटीचं कर्ज आहेच. त्या मापाला पोचलेली ऑस्ट्रेलियन रेअर अर्थ कंपनी आजवर एकच आहे, लायनस. म्हणजे 'तीस सेंट स्वस्त आहे' असं म्हणताना आपण नकळत 'ही दुसरी लायनस होणार' असं म्हणत असतो. भाव बघू नका, शेअर किती आहेत आणि किती होणार ते बघा.

माझंच सांगतो. २०२१ मध्ये अशाच एका छोट्या कंपनीचे घेतले होते, नाव नको. दोन वर्षांत तीनदा सकाळी उठून बघतो तर ट्रेडिंग हॉल्ट, म्हणजे खरेदी-विक्री बंद, दोन दिवसांनी घोषणा की प्लेसमेंट झालं, म्हणजे मोठ्या फंडांना नवे शेअर विकले, डिस्काउंटने, आणि शेअर उघडतो तो थेट प्लेसमेंटच्या भावाला. तिसऱ्या वेळी मी विकून बाहेर पडलो, निम्मे पैसे गेले. कंपनीने खोटं काही सांगितलं नव्हतं बरं का, मीच प्रेझेंटेशनची पानं वाचली आणि कॅशची ओळ वाचली नाही.

आणि इथे मामेभावासारख्या भारतात बसलेल्या माणसाला अजून एक तोटा आहे जो कोणी सांगत नाही. प्लेसमेंटनंतर कंपन्या बरेचदा छोट्या शेअरहोल्डरसाठी एसपीपी काढतात, म्हणजे त्याच स्वस्त भावाने वर्षाला ३०,००० डॉलरपर्यंत शेअर घ्यायची संधी. पण ती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा पत्ता असलेल्यांनाच मिळते. म्हणजे मी माझा हिस्सा थोडा तरी राखू शकतो, पुण्यातला माणूस नुसता डायल्यूट होत बसतो, म्हणजे नव्या शेअरमुळे त्याचा हिस्सा पातळ होत जातो.

हेस्टिंग्ज: बांधकामाच्या उंबरठ्यावर अडकलेली

यांगीबाना प्रोजेक्ट, आमच्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलियात गॅसकॉइनला. दगड चांगला, त्यात एनडीपीआरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त, हा त्यांचा कायमचा मुद्दा. सरकारी कर्जाची मंजुरी पण होती. मग २०२२ मध्ये यांनी काय केलं, खाण-अब्जाधीश अँड्र्यू फॉरेस्टच्या वायलू कंपनीकडून १५ कोटी डॉलर नोट्सवर, म्हणजे कर्जरोख्यांवर, घेतले आणि त्यातून निओ परफॉर्मन्स या कॅनडातल्या कंपनीचा हिस्सा विकत घेतला. स्वतःची खाण बांधायला पैसे कमी पडतायत आणि दुसऱ्याच्या कंपनीत हिस्सा! बाजारात तुरी म्हणतात ते हेच. निओचा शेअर पडला, एनडीपीआर पडलं, नोट्सची परतफेड डोक्यावर, आणि शेवटी यांगीबानाचा ६० टक्के हिस्सा वायलूकडे द्यायची पाळी आली. जुन्या शेअरहोल्डरच्या वाट्याला राहिला प्रोजेक्टचा ४० टक्के. खाण अजून तशीच जमिनीत.

अराफुरा आणि हेस्टिंग्ज समोरासमोर ठेवले तर मला अराफुरा बरीच बरी वाटते, कारण तिच्यामागे सरकारं आहेत आणि ऑक्साइडपर्यंत जायचा प्लॅन आहे. पण दोन्हीकडे धोका एकाच जातीचा आहे, पैसा येईपर्यंतचा.

सगळ्याच गोष्टी वाईट संपतात असं नाही. टांझानियातल्या न्गुआला प्रोजेक्टची पीक रेअर अर्थ्स २०२५ मध्ये चीनच्या शेंगहेने पूर्णच विकत घेतली, खाण न बांधताच शेअरहोल्डरना रोख पैसे मिळाले. उलट क्वानेफ्येल्ड प्रोजेक्टचं बघा, ग्रीनलँडमध्ये २०२१ मध्ये सरकार बदललं, युरेनियमविरुद्ध कायदा आला आणि सगळं कोर्टकचेरीत गेलं. एकाला लॉटरी, दुसऱ्याला वनवास.

इलुका: बांधतेय, आणि दुसरा धंदा आहे

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातच एनिअबाला रिफायनरी उभी राहतेय. यांच्याकडे जुन्या मिनरल सँडच्या, म्हणजे खनिज वाळूच्या धंद्यातून साठवलेला मोनाझाइटचा (रेअर अर्थ असलेलं खनिज) ढीग आहे, म्हणजे सुरुवातीला खणायचं पण नाही. सरकारने २०२२ मध्ये १२५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, डिसेंबर २०२४ मध्ये आणखी ४० कोटी. आणखी का लागले? कारण खर्च १००-१२० कोटीवरून १७०-१८० कोटीवर गेला. हे लक्षात ठेवा, अनुभवी कंपनी, माल आधीच बाहेर काढलेला, सरकार पाठीशी, तरी खर्च दीडपट. मग ज्यांनी आयुष्यात कधी प्लांट बांधला नाही त्यांच्या रिपोर्टमधला आकडा किती धरायचा ते तुम्हीच ठरवा. मी स्वतः त्यात ३० ते ४० टक्के वाढवूनच वाचतो.

दुसरा धंदा म्हणजे आधार असं वाटतं, पण तोही मंदीत असतो कधी कधी, इलुकाने डिसेंबर २०२५ पासून कॅटबीची खनिज वाळूची खाण थांबवली. तरी इथे दर सहा महिन्यांनी शेअर छापून खर्च भागवायची वेळ येत नाही, हा फरक मोठा आहे.

लायनस: चालू कंपनी, आणि तिचा इतिहास

माउंट वेल्डची खाण, कालगुर्लीला आणि मलेशियात क्वांतानला प्लांट. २०२५ मध्ये डिस्प्रोशियम आणि टर्बियमचं ऑक्साइड काढायला सुरुवात केली, चीनबाहेर धंदा म्हणून असं करणारी पहिलीच, असं कंपनी सांगते. पण मला इथे तिचा जुना चार्ट जास्त शिकवतो. २००९ मध्ये ४५ कोटी डॉलर उभे करून बांधकामाला लागले. २०१० मध्ये चीन-जपान भांडण झालं, जपानचा माल अडला, भाव आकाशाला गेले, २०११ मध्ये लायनस अडीच डॉलरच्या आसपास. मग मलेशियात आंदोलनं, प्लांट रखडला, भाव कोसळले, २०१५ मध्ये शेअर काही सेंटवर. २०१७ मध्ये दहा शेअरचा मिळून एक शेअर केला. म्हणजे २०११ च्या शिखराचा भाव आजच्या हिशोबात पंचवीस डॉलर, आणि २०२५ च्या एवढ्या तेजीतही तो भाव परत आला नाही.

मग मोठा पैसा कोणी केला? खाण बांधून झाली, प्लांट चालू झाला, आणि सगळे वैतागून विकून गेले तेव्हा २०१५-१६ मध्ये ज्यांनी घेतले त्यांनी. बांधकामाची जोखीम संपली होती आणि भाव बांधकामाआधीच्यापेक्षाही स्वस्त. अमेरिकेत तर याहून कडक, मॉलीकॉर्प २०१० मध्ये १४ डॉलरला बाजारात आली, वर्षभरात सत्तरीच्या पुढे गेली, नवा प्लांट बांधला आणि जून २०१५ मध्ये दिवाळखोरीत. शेअरहोल्डर साफ. माउंटन पासची तीच खाण आज एमपी मटेरियल्स चालवते, तिला जुलै २०२५ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने किलोला ११० डॉलरचा फ्लोअर, म्हणजे दहा वर्षांचा किमान भाव दिला.

आणि हा फ्लोअरच नवीन गोष्ट आहे. २०११ मध्ये कोणाकडेच नव्हता. चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात रेअर अर्थवर निर्यात परवाने लावल्यापासून सरकारं घाबरलीत, म्हणून बांधकामाआधीच्या कंपनीत ज्या दिवशी असा लेखी किमान भाव येईल त्या दिवशी माझं मत बदलेल. नुसत्या 'चर्चा चालू आहे' वर नाही.

जीएमडीसी: आपल्याकडचा पर्याय

भारतात रेअर अर्थ काढणारी सरकारी कंपनी आयआरईएल आहे, मुंबईत प्रभादेवीला ऑफिस, पण ती लिस्टेड नाही, अणुऊर्जा खात्याखालची. मोनाझाइट खाजगी कंपनीला खणताच येत नाही. राहते गुजरात सरकारची जीएमडीसी, जिचा अंबाडुंगरचा प्रोजेक्ट आहे छोटा उदेपूरला. खरा धंदा लिग्नाइटचा, रेअर अर्थचा अजून एक किलो नाही. तरी २०२५ मध्ये शेअर काही महिन्यांत दुप्पट झाला. म्हणजे बांधकामाआधीचा प्रीमियम इथेही भरावा लागतोय, फक्त खाली लिग्नाइटची गादी आहे आणि पैसे परदेशी पाठवायची भानगड नाही.

ती भानगड काय, तर एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत पाठवता येतात, दहा लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात (रिटर्नमध्ये परत मिळतं पण अडकतं), रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्युल एफए भरायचं, आणि २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर नफ्यावर १२.५ टक्के कर. शिवाय आपल्याकडची बरीच ॲप फक्त अमेरिकन शेअर देतात, ऑस्ट्रेलियाचा एक्स्चेंज देत नाहीत.

मग मामेभावाला काय सांगितलं? पाच लाख घालायचे म्हणत होता. म्हटलं, रेअर अर्थ हवंच असेल तर चार लाख चालू किंवा बांधत असलेल्या कंपनीत, ते पण पडल्यावर घे, उड्या मारताना नाही. बांधकामाआधीच्या कंपनीत एक लाख, आणि तेसुद्धा एफआयडी आणि मोठं प्लेसमेंट होऊन गेल्यावर. पहिली उडी चुकेल, चुकू दे, त्या उडीचे पैसे डायल्यूशनमध्येच जातात. मुलीच्या शिक्षणाचे असतील तर एक रुपया पण नको.

त्यावर त्याने लगेच एका कंपनीची लिंक पाठवली, ही कशी आहे. मी म्हटलं मत नंतर विचार, आधी त्यांचं अपेंडिक्स ५बी उघड. ऑस्ट्रेलियात खाण नसलेल्या प्रत्येक मायनिंग कंपनीला दर तिमाहीला ते द्यावं लागतं, आठव्या भागात सरळ लिहिलेलं असतं की हातातली कॅश अजून किती तिमाही पुरेल, दोनपेक्षा कमी असेल तर पैसे कुठून आणणार तेही लिहावं लागतं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, १.६.